ब्रेक आता माझ्याकडे!

प्रिय चिमे,

तुझा व्हॉइस मेसेज कधीच ऐकलाय गं, पण टाइप करायला घेतलं की वर्कशॉपमधून कोणीतरी हाक मारतंच, म्हणून आज बसून सगळं एकदम लिहितेय, चहा घेऊन वाच.

बातमी अशी की फॉर्म्युला स्टुडंटसाठी, म्हणजे विद्यार्थ्यांनी स्वतः बनवलेल्या रेसिंग गाड्यांच्या स्पर्धेसाठी, आमची कॉलेजची टीम जी गाडी बनवते, तिचे यंदाचे ब्रेक आणि पेडल बॉक्स (पेडल बसवायची चौकट) माझ्याकडे आहेत. हो, माझ्याकडे! गेल्या वर्षी आम्हा मुलींना टीममधे घेतलं खरं, पण सगळ्यांना कॉस्ट रिपोर्ट, स्पॉन्सर आणि इन्स्टावर बसवलं, का तर "तुम्ही नीटनेटकं करता ना". काम फालतू नाहीये, स्पर्धेच्या हजारातले १०० मार्क कॉस्टला आणि ७५ बिझनेस प्रेझेंटेशनला असतात, पण मग ते एकाही मुलाला का नाही देत?

यावेळी झालं काय, की कॉकपिटचा पीव्हीसी पाइपचा मॉकअप केला, आमचा सगळ्यात उंच ड्रायव्हर त्यात बसला, पाय बरोब्बर पोचले, सगळे खूश, पेडल फिक्स करायला निघाले. मी म्हटलं थांबा, मला बसू द्या. बसले तर ब्रेकला माझा फक्त अंगठा टेकतोय! आणि रूलबुकमधे सरळ लिहिलंय की फिफ्थ पर्सेंटाइल बाईपासून (शंभरातल्या पाचच बायका जिच्याहून लहान) नाइन्टीफिफ्थ पर्सेंटाइल पुरुषापर्यंत (शंभरातले पाचच पुरुष ज्याच्याहून मोठे) सगळे गाडीत बसले पाहिजेत. उंच माणसाच्या मापाचा तो साचा, पर्सी म्हणतात त्याला, सगळ्यांना पाठ, या ओळीचा पहिला अर्धा भाग कोणी वाचलाच नव्हता. मग काय, पेडल बॉक्स रेलवर पुढेमागे सरकणारा करायचा ठरला आणि "तूच कर मग" असं जरा कुजकटपणे मला मिळाला. मला काय, मिळाला ना.

आणि हे पेडल म्हणजे खेळ नाही बरं का, २००० न्यूटन झेलता आलं पाहिजे, म्हणजे साधारण दोनशे किलोचा माणूस त्यावर उभा. अंबडला ज्यांच्याकडे मशिनिंग करतो तिथले काका ड्रॉइंग माझ्या हातातून घेतात आणि टॉलरन्स (मापात किती फरक चालेल ते) शेजारच्या ज्युनिअर मुलाला विचारतात, तो बिचारा माझ्याकडे बघतो, मी उत्तर देते, काका परत त्यालाच पुढचं विचारतात. आता मी एकटीच जाते, प्रश्नच मिटला.

काल ब्लीडिंग केलं, म्हणजे ब्रेकच्या नळ्यांमधली हवा काढली. एकजण पेडल दाबून धरणार, दुसरी चाकापाशी पाना घेऊन निपल (हवा काढायचा स्क्रू) जरा ढिला करणार, पारदर्शक नळीतून ऑइलबरोबर बुडबुडे येतात, निपल घट्ट केल्यावरच पाय सोडायचा, नाहीतर हवा परत आत. "दाब, धर, सोड" असं ओरडून घसा बसला, पण शेवटी पेडल दगडासारखं कडक झालं ना, काय वाटलं सांगू! स्पर्धेत ब्रेक टेस्टला चारही चाकं लॉक झाली पाहिजेत, ती पास नाही केली तर २२ किलोमीटरची एन्ड्युरन्स शर्यत विसराच.

ड्रायव्हर कोण यावरून तर रोज भांडण. मी हलकी आहे, इंजिनला २० एमएमच्या रिस्ट्रिक्टरमधून, म्हणजे नव्या एक रुपयाच्या नाण्याएवढ्या भोकातून श्वास घ्यायचा, तिथे ड्रायव्हरचे वीस किलो कमी म्हणजे चैनच की. त्यावर एकजण म्हणाला फॉर्म्युला वनमधे बायका कुठेत. मी लेला लोम्बार्डीचं नाव घेतलं, १९७५, स्पेन, सहावी आली, रेस मधेच थांबवल्यामुळे पॉइंट मिळाला अर्धा. "अर्धाच?" म्हणे. अरे तुझा किती?

बाकी हॉस्टेलचं गेट अजूनही आमचंच लवकर बंद होतं, मुलं रात्रभर वेल्डिंग करतात आणि सकाळी आम्हाला ऐकवतात की तुम्ही थांबत नाही. यावर मी अर्ज केलाय, बघू.

रविवारी पुण्याहून येतेयस ना? ईग्रेसची, म्हणजे गाडीतून झटकन बाहेर पडायची प्रॅक्टिस आहे, हेल्मेट, ग्लोव्हज, बेल्ट सगळं लावून बसायचं आणि ५ सेकंदांच्या आत दोन्ही पाय जमिनीवर. माझं बेल्टपाशी अडतंय, तू स्टॉपवॉच धर आणि कॉलेजच्या पोरांसारखी दयामाया दाखवू नकोस. नंतर मिसळ माझ्याकडून, जादा तर्रीसकट.

आणि हो, आईला अजून फक्त "प्रोजेक्ट चालू आहे" एवढंच माहितीये, ड्रायव्हरच्या लिस्टमधे नाव आहे हे नाही, तिचा फोन आला तर प्लीज बडबडू नकोस.

तुझीच,
ग्रीसने माखलेली