गुजरीतल्या काकांना

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

नाव लिहू नका म्हणालात, म्हणून नुसतं काका. गुजरीत, म्हणजे सराफांच्या गल्लीत, दागिने सोडून पेनाची निब घेऊन तुमच्याकडं आलेली पहिली गिऱ्हाईक बहुतेक मीच असेन.

त्याआधी माझी एक स्टीलची निब वाया गेली होती. दाबाप्रमाणं रेघ जाड-बारीक यावी म्हणून मला ती लवचीक हवी होती. जिथं दिली तिथं त्यासाठी ती तापवली, आणि दाबल्यावर टोकं फाकली ती परत जुळलीच नाहीत. उरली होती बाबांची चौदा कॅरेटची. सोनं आहे म्हणजे वाकेलच, असं मी धरून चालले होते. तुम्ही ती भिंगाखाली पाहिलीत आणि माझ्या हातात परत ठेवलीत. "बाई, सोनं तावावर धरलं की मऊ पडतंय, पण वाकलं की वाकलेलंच ऱ्हातंय. तुम्हाला वाकून परत येणारं पायजे."

मग साधी स्टीलची निब घेतलीत. छिद्राच्या दोन्ही अंगांचे खांदे अर्धगोल कानशीनं चंद्रकोरीसारखे आत घेतलेत. दोन घासे इकडं, दोन तिकडं, की लगेच कागदावर लिहून बघायचं. एक बाजू जास्त गेली तर दाबल्यावर दोन्ही टोकं सारखी उघडत नाहीत आणि निब कागद खरवडते, हे तुम्ही मला भिंगातून दाखवलंत. टोकावरच्या कठीण दाण्याला मात्र कानस लागू दिली नाहीत.

निब उघडायला लागली, पण शाई पुरेना. रेघ मध्येच फाटून रुळांसारख्या दोन रेघा उमटायच्या. मला वाटलं, निबेची चीर बिघडली. तुम्ही निबेखालची शाई आणणारी जीभ काढलीत, तिची खाच पात्यानं जराशी खोल केलीत आणि एबोनाइटची, म्हणजे कडक रबराची, आहे म्हणून गरम पाण्यात धरून निबेच्या पोटाशी नीट टेकवलीत. ताव द्यायचा तो जिभेला, निबेला नाही, हे मी वहीत लिहून ठेवलंय.

२६ जूनला, शाहू जयंतीला, शाळेतल्या ३८ मुलांच्या प्रशस्तिपत्रकांवर नावं याच निबेनं लिहिली. बोरूची जाडी त्याच्या कापातून येते, इथं ती हाताच्या दाबातून. त्यामुळं शिरोरेघ केसासारखी आणि काना भरदार. वेलांटी वर चढताना दाब सोडायचा, नाहीतर टोक कागदात रुततं. हे हाताला कळायला मला दोन महिने लागले. तेवढ्यात तीनदा तुमच्याकडं आले, आणि तिन्ही वेळा तुम्ही हातातलं काम बाजूला ठेवलंत. पोरांची नावं लिहायची आहेत म्हणून मजुरीही घेतली नाहीत.

बाबांची निब आहे तशीच आहे. रोजची हजेरी तिनंच भरते. तिला तुम्ही कानस लावली नाहीत, त्याचे आभार सगळ्यांत जास्त.

तुमच्या,
पेनवाल्या बाई