बेकरीच्या भट्टीत घरच्या पिठालाही जागा हवी

महोदय,

ऊसबिल बँकेत जमा झाले, भिशीचा नंबर लागला, आजोबांच्या मोतीबिंदूची पट्टी निघाली आणि त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पेपर वाचला, धाकटीला दुचाकीचे लायसन्स मिळाले, असे प्रसंग कुठल्याही घरात वर्षभर घडत असतात. त्यांना तिथी नसते आणि त्यांच्या पत्रिकाही छापल्या जात नाहीत, तरी त्या दिवशी घरात काहीतरी गोड व्हावे असे सर्वांनाच वाटते. पूर्वी अशा वेळी शिरा होत असे, साताऱ्याकडून कोणी आलेले असेल तर कंदी पेढ्यांचा पुडा उघडला जाई आणि गाय व्यायली तर शेजारापाजाऱ्यांकडे खरवसाची वाटी जाई. आता सांगली-मिरजेत यांपैकी बहुतेक प्रसंगांना केक कापला जातो. त्याबद्दल नाक मुरडणाऱ्यांपैकी मी नाही. केक आपल्या मुलांच्या पिढीचा झाला आहे आणि तो राहणार आहे. माझे म्हणणे एवढेच आहे, की हा केक आणि त्याच्या जोडीची नानकटाई व बिस्किटे पुन्हा घरच्या हाताने व्हावीत आणि त्यासाठी आपल्या शहरातील बेकऱ्यांनी एक जुनी सोय नव्याने सुरू करावी.

ही सोय पन्नाशी ओलांडलेल्या वाचकांना आठवत असेल. दिवाळीच्या आधी आणि मे महिन्याच्या सुट्टीत घराघरांतून मैदा, पिठीसाखर आणि तूप डब्यात भरून बेकरीत नेले जाई. काही बायका पीठ घरीच मळून नेत, तर काही जणी बेकरीच्या ओट्यावर बसून परातीत तूप आणि साखर तळहाताने फेसत. ते मिश्रण पांढरे आणि हलके झाले, की त्यात मैदा, थोडे बेसन, मूठभर रवा, वेलची आणि जायफळ जाई. गोळे वळून काळ्या पत्र्यांवर अंतर राखून मांडले जात, कारण भट्टीत ते पसरतात. पत्र्याच्या कोपऱ्यात घरच्या नावाची चिठ्ठी ठेवलेली असे. भट्टीवरचा माणूस लांब दांड्याच्या लाकडी फळीने पत्रा आत सरकवी आणि थोड्या वेळाने नानकटाईच्या डोक्यावर भेगा पडल्या, की बाहेर ओढी. मजुरी पत्र्यावर किंवा किलोवर ठरलेली असे. डबा गरम असतानाच घरी येई, आणि झाकण लगेच लावू नये, वाफ धरून नानकटाई मऊ पडते, ही सूचना बेकरीवाला न विचारता देई.

या व्यवस्थेमागे चोख हिशेब होता. विटांची भट्टी एकदा तापली, की तासन्‌तास उष्णता धरून ठेवते. पावाला 200 अंशांच्या वरची आच लागते, त्यामुळे पाव आधी निघत. त्यानंतर उतरत गेलेली आच नानकटाईला नेमकी मानवत असे, कारण तिला 160-170 अंशांच्या आसपासची मंद उष्णता पुरते आणि त्याहून अधिक झाली तर ती आतून कच्ची राहून वरून करपते. बेकरीवाल्याची फुकट जाणारी आच विकली जाई आणि गिऱ्हाइकाच्या घरी भट्टी बांधावी लागत नसे.

आज घरी ओव्हन असलेली कुटुंबे वाढली आहेत, हे खरे आहे. तरीही बहुसंख्य घरांत केक अजून कुकरमध्येच होतो. शिटी आणि रिंग काढून, तळाशी मीठ किंवा वाळू पसरून, पाणी न घालता कुकर आधी तापवायचा आणि मग मंद आचेवर पाऊण तास धीर धरायचा, ही युक्ती उत्तम आहे. दह्यात अर्धा तास भिजवलेल्या रव्याचा केक असा सुरेख होतो, फक्त सोडा सर्वांत शेवटी घालून भांडे लगेच आत ठेवावे लागते, कारण दह्याचा आंबटपणा आणि सोडा एकत्र येताच वायू सुटू लागतो आणि उशीर केला तर तो केकच्या उपयोगी न पडता निघून जातो. पण कुकरमध्ये एका वेळी एकच केक होतो. वाड्यातील किंवा अपार्टमेंटमधील दहा घरांना वाटायचे असेल, तर तिथे पत्राच हवा.

विकतच्या केकविषयी एक गोष्ट स्पष्टपणे सांगणे आवश्यक आहे. त्यावरच्या ज्या पांढऱ्या थराला आपण क्रीम म्हणतो, तो पुष्कळदा दुधाच्या सायीचा नसून वनस्पती तेलापासून केलेला असतो. खाद्यपदार्थांतील ट्रान्स फॅटवर 1 जानेवारी 2022 पासून 2 टक्क्यांची मर्यादा आहे, तेव्हा उगीच भीती पसरवण्याचे कारण नाही. परंतु त्या थरातला बराच भाग खाण्याऐवजी उत्सवमूर्तीच्या तोंडाला फासला जातो, तेव्हा तो विकत तरी का घ्यायचा, असा प्रश्न मला दरवेळी पडतो. घरच्या केकला असले प्लास्टर लागत नाही. शिवाय त्यात घालण्याजोगे आपल्याकडे काय नाही? भौगोलिक मानांकन मिळालेला सांगलीचा बेदाणा हाकेच्या अंतरावर, तासगावात आहे, कृष्णाकाठी खपली गहू पिकतो आणि गूळ तर घरोघरी असतो. खपलीच्या पिठाची, गुळाची नानकटाई मैद्याच्या नानकटाईइतकी ठिसूळ होत नाही, थोडी रवाळ लागते. मला तीच अधिक आवडते. गूळ मात्र बारीक किसून तुपात नीट फेसावा लागतो, नाहीतर खडे राहतात आणि भट्टीत वितळून पत्र्याला चिकटतात.

बेकरीचालकांच्या अडचणी मी नाकारत नाही. अनेक ठिकाणी लाकडाच्या भट्ट्या जाऊन फिरते ओव्हन आले आहेत. मुंबईत तर जानेवारी 2025 मध्ये उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना स्वच्छ इंधनाकडे वळण्यासाठी सहा महिन्यांची मुदत दिली होती. धुराचा विचार करता तो बदल योग्यच आहे आणि तो आज ना उद्या आपल्याकडेही येईल. फिरत्या ओव्हनमध्ये पत्र्यांची संपूर्ण ट्रॉली जाते, त्यामुळे एका घरच्या दोन पत्र्यांसाठी तो तापवणे परवडणार नाही. यावर उपाय असा, की प्रत्येक बेकरीने आठवड्यातील एखादी दुपार ठरवावी, नावे आदल्या दिवशी नोंदवून घ्यावीत आणि पत्र्यामागे वाजवी दर लावावा. ट्रॉली भरेल आणि ओव्हनही रिकामा राहणार नाही. अंड्याचे व बिनअंड्याचे पत्रे वेगळे ठेवले जावेत, विशेषतः श्रावणात, अन्यथा निम्मी घरे फिरकणार नाहीत. कच्चा माल गिऱ्हाइकाचा असल्याने बिघाडाची जबाबदारी कोणाची, हेही फलकावर लिहिलेले बरे.

घरून केक करून विकणाऱ्या भगिनींच्या पोटावर यामुळे पाय येईल, अशी शंका काही जण घेतील. मला तसे वाटत नाही. त्यांना 2006 च्या अन्नसुरक्षा कायद्यानुसार नोंदणी करावी लागते, मागणीप्रमाणे सजावट करावी लागते आणि वाढदिवस-लग्नांची मोठी कामे त्यांच्याकडेच जाणार आहेत. उलट त्यांच्यापैकी ज्यांचा ओव्हन लहान आहे, त्यांनाही भाड्याची भट्टी उपयोगी पडेल. महिला बचत गटांनी एकत्र येऊन एखादा विजेवरचा ओव्हन घ्यावा आणि महापालिकेने त्यासाठी एखाद्या समाजमंदिरातील खोली द्यावी, ही सूचनाही विचार करण्याजोगी आहे, परंतु तिला वेळ लागेल. बेकऱ्यांचे तसे नाही, त्यांच्याकडे ओव्हन आजच उभे आहेत.

आपल्या दैनिकास विनंती आहे, की सांगली, मिरज आणि कुपवाडमधील ज्या बेकऱ्या आजही घरचे पीठ भाजून देतात किंवा देण्यास तयार आहेत, त्यांनी वार, वेळ आणि पत्र्याचा दर कळवावा, असे आवाहन आपण करावे आणि आलेली माहिती स्थानिक पुरवणीत छापावी. हे गणपतीच्या आत झाल्यास बरे, कारण दिवाळीच्या गर्दीत बेकरीवाल्यांना नवी घडी बसवायला उसंत नसते.

आपली,
एक वाचक
विश्रामबाग, सांगली