‘मल्टीलॉग’साठी प्राध्यापक बर्नस्टाइन यांना आभारपत्र

माननीय प्राध्यापक डॅनियल बर्नस्टाइन यांस,

सप्रेम नमस्कार.

सर्व्हरवरील सेवा चालवून त्यांवर लक्ष ठेवणाऱ्या आपल्या ‘डेमनटूल्स’ या संचातील, सेवांच्या नोंदी फाइलींत लिहून ठेवणाऱ्या ‘मल्टीलॉग’ या कमांडबद्दल मनःपूर्वक आभार मानण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. सर्व्हर सांभाळणे हे माझे काम आहे आणि एखादी सेवा बंद पडली की तिने अखेरच्या क्षणी काय लिहून ठेवले, हे शोधण्यापासूनच त्या कामाची सुरुवात होते. ती नोंद जागेवर सापडते, याचे श्रेय आपले आहे.

लॉग, म्हणजे या नोंदी, सांभाळण्याचा भार आपण प्रोग्रामवरून पूर्णपणे उतरवलात. प्रोग्रामने जे सांगायचे ते स्टँडर्ड आउटपुटवर, म्हणजे आपल्या नेहमीच्या बाहेर जाणाऱ्या प्रवाहावर, छापावे, पाइपच्या (एका प्रोग्रामचे आउटपुट दुसऱ्याला पोहोचवणाऱ्या जोडणीच्या) दुसऱ्या टोकाला असलेल्या मल्टीलॉगने ते वाचून ‘करंट’ नावाच्या फाइलमध्ये लिहावे आणि ती फाइल ठरलेल्या आकाराची झाली की तिला वेळेचा शिक्का असलेले नाव देऊन नवी फाइल सुरू करावी, एवढीच ही रचना. फाइलची प्रत काढून मूळ फाइल रिकामी करण्याच्या पद्धतीत या दोन क्रियांच्या मधल्या क्षणी आलेल्या ओळी हरवू शकतात. येथे लिहिणारा आणि फाइल बदलणारा एकच असल्यामुळे तो प्रश्न उद्भवतच नाही.

कोणतीही मर्यादा न सांगता चालवले, तरी मल्टीलॉग प्रत्येकी ९९,९९९ बाइटांच्या १० फाइलींपुरतीच जागा वापरतो. जुनी फाइल काढून टाकली जाते हे खरे. पण किती जुने ठेवायचे, याचा निर्णय डिस्क भरण्याआधी, शांतपणे घेता येतो.

मला सर्वांत मोलाचा वाटतो तो त्याचा अडचणीच्या वेळचा स्वभाव. डिस्कवर लिहिता आले नाही, तर तो थांबतो आणि पुन्हा प्रयत्न करतो, मात्र हाती आलेली माहिती टाकून देत नाही. तोवर पाइप भरला, तर लिहिणारा प्रोग्रामही खोळंबतो. हा खोळंबा काहींना खटकतो आणि जेथे तत्काळ उत्तर देणे हेच सेवेचे काम आहे, तेथे तो आक्षेप रास्तही आहे. परंतु जिच्यातून पैशांचे व्यवहार जातात, अशा सेवेत एक ओळ गहाळ होण्यापेक्षा काम थांबलेले मी केव्हाही पत्करेन. वीज अचानक गेली, तर त्या वेळी लिहिली जात असलेली फाइल नंतर ‘.यू’ या शेपटासह वेगळी ठेवली जाते, म्हणजे ती अर्धवट असू शकते हे वाचणाऱ्याला आधीच कळते. इतका प्रामाणिकपणा मी फार थोड्या साधनांत पाहिला आहे.

वेळेचे २४ षोडशमान (० ते ९ आणि a ते f) अंकांचे शिक्के डोळ्यांना वाचता येत नाहीत, पण याच संचातील ‘ताई६४एनलोकल’ ही कमांड त्यांची स्थानिक वेळ करून देते, आणि फाइलींची नावे वर्णक्रमाने लावली की त्या आपोआप कालक्रमानेही लागतात.

डेमनटूल्सची २००१ सालची ०.७६ ही आवृत्ती आपण २००७ च्या अखेरीस सार्वजनिक मालकीची केलीत. ती कोणाचीही परवानगी न मागता मला वापरता, दुरुस्त करता आणि नव्या सहकाऱ्यांना उघडून शिकवता येते, यासाठीही आपले स्वतंत्रपणे आभार.

आपला कृतज्ञ,
एक सर्व्हर प्रशासक