पडावाला देवमाशाचा न्याय लावू नका

महोदय,

गेल्या रविवारी आपल्या पत्रसदरात एका वाचकांनी सुचवलं, की खाडीच्या चिखलात जुन्या पडावाचा, म्हणजे शिडाच्या लाकडी मालवाहू नावेचा, सांगाडा सापडला तर तो उचलून बडोद्याच्या कमाटीबागेतल्या संग्रहालयात आणावा. 1944 साली मही नदीच्या मुखाशी आलेला देवमासा नाही का आपण सांभाळला? त्या 70 फुटी सांगाड्याखाली लहानपणी मीही आ वासून उभा राहिलोय. पण हाडाची गोष्ट वेगळी. ते वाळलं की टिकतं. पाण्यात मुरलेलं लाकूड वाळलं की संपलंच. सुतारकाम शिकवण्यात हयात गेली, म्हणून लिहितो.

अमेरिकेत हा प्रयोग करून झालाय. ‘आल्विन क्लार्क’ ही दोन डोलकाठ्यांची मालवाहू स्कूनर, म्हणजे शिडाचं जहाज, शंभरएक फूट लांब, 1846-47ची बांधणी. स्कूनरची शिडं जहाजाच्या लांबीला धरून असतात, चार-पाच खलाशांत भागतं. त्यामुळे मीठ, लाकूड असला माल वाहायला ती परवडायची. जून 1864 मध्ये मिशिगन सरोवराच्या ग्रीन बे या फाट्यातून ती लाकूड भरायला रिकामीच निघाली होती. माल भरायच्या खणाची झाकणं उघडी. वाऱ्याचा एक फटका आला, आडवी झाली, पाणी आत. पाचांतले तिघे गेले, कप्तानासकट.

1967 मध्ये मासेमारीचं जाळं तिच्यात अडकलं आणि 1969 मध्ये फ्रँक हॉफमन या पाणबुड्याने तिला वर काढलं. पाणी उपसलं तर बाई चक्क तरंगली! थंड, गोड्या पाण्यात लाकूड पोखरणारा समुद्री किडा नसतो ना. (आपल्या खाडीत तो चिखलाबाहेरचं काही शिल्लक ठेवत नाही.) मग तिकीट लावून ती दाखवायला ठेवली. उघड्यावर लाकूड कुजत गेलं, हॉफमन कर्जात गेले आणि 1994 मध्ये तिचा चुरा करून टाकला. पाण्याखाली 105 वर्षं टिकलेली, पाण्याबाहेर 25 वर्षांत गेली.

कारण साधं आहे. पाण्याखाली लाकडातला कस जातो, त्याची जागा पाणी धरून ठेवतं. ते पाणी उडालं की आतल्या पेशी चपट्या होतात. स्वीडनने 1961 मध्ये ‘वासा’ ही बुडालेली जुनी युद्धनौका वर काढली, तेव्हा 17 वर्षं तिच्यावर पॉलिएथिलीन ग्लायकॉल (लाकडात पाण्याची जागा घेणारं मेणासारखं रसायन) फवारत होते. इतका फवारा इथे कोण चालवणार, ते पत्रलेखकांनी सांगावं.

मी स्वतः हात पोळून घेतलेत. आमच्या वाड्यातली विहीर उपसताना गाळातून रहाटाचं सागवानी चाक निघालं. काळंभोर, कडा शाबूत, नख लावलं तर साबणासारखं. मी हौसेने गॅलरीत ठेवलं, वर तेलाचा हातही दिला. तिसऱ्या आठवड्यात रात्री ‘टक्’ असा आवाज आला. सकाळी पाहतो तर चाकाला आरपार भेग, आरे पापडासारखे वळलेले. सौभाग्यवतींनी बंबात घालायला काढलं होतं, एक तुकडा मी वाचवला.

तेव्हा सांगाडा सापडला तर ओहोटीला मापं घ्या, फळीन् फळी कागदावर उतरवा, फोटो काढा आणि चिखल परत ओढून घ्या. कच्छच्या मांडवीत अजून लाकडी जहाजं बांधतात. तिथल्या एखाद्या जुन्या मिस्त्रीला सोबत न्या. कुठला जोड कशासाठी, हे तोच सांगेल. टेप धरायला मी येईन, गुडघे साथ देतील तोवर. आणि कोणाला शंका असेल तर रहाटाचा तो तुकडा माझ्या टेबलाच्या खणात आहे, येऊन हातात घेऊन बघावा.

— एक निवृत्त सुतारकाम-शिक्षक, दांडिया बाजार, बडोदे