पावडरीपेक्षा डब्यावर न लिहिलेल्याची भीती बाळगा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या आरोग्य पुरवणीत गेल्या आठवड्यात जिमला जाणाऱ्या मुलांच्या पावडरींवर लेख आला. पावडर म्हणजे किडनीची वाट, असा त्याचा एकंदर सूर. मी गेली 23 वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त काढते आणि तपासते. घरी व्यायामाचं वेड असलेला वीस वर्षांचा मुलगा आहे, त्यामुळे हा विषय माझ्या टेबलावरही असतो आणि स्वयंपाकघरातही. लेख कळकळीने लिहिलेला होता. पण धोका जिथे आहे तिथे बोट ठेवलेलं नाही, म्हणून हे पत्र.

मुलाचीच गोष्ट सांगते. मागच्या वर्षी सारखा थकवा वाटतो म्हणाला, तेव्हा त्याचं रक्त मीच काढलं. किडनीचं काम कसं चाललंय हे ज्यावरून बघतात ते क्रिएटिनिन 1.5 आलं. पुरुषांत ते साधारण 0.7 ते 1.3 असतं. सॅम्पल पुन्हा लावलं, पुन्हा 1.5. लिव्हरसाठी बघतात ते एसजीओटीही वाढलेलं. दुसऱ्यांच्या मुलांचे असे रिपोर्ट मी इतकी वर्षं निमूटपणे पुढे पाठवले, त्या दिवशी मात्र मशीनसमोर माझे पाय लटपटले. डॉक्टरांनी त्याला पहिलाच प्रश्न विचारला, "काय काय घेतोस?" मी आई, त्यात लॅबमधली, आणि मला हे सुचलं नव्हतं. सहा महिने तो रोज चमचाभर क्रिएटिन, म्हणजे व्यायामात ताकद वाढावी म्हणून घेतात ती पावडर, घेत होता आणि रक्त देण्याच्या आदल्या संध्याकाळी पायांचा जोरदार व्यायाम करून आला होता.

क्रिएटिन हे कुणी नव्याने काढलेलं औषध नाही. शेव्रल नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाला ते 1832 मध्ये मांसात सापडलं. आपलं शरीरही रोज साधारण एक ग्रॅम तयार करतं आणि स्नायूंत साठवतं. या साठ्यातला थोडा भाग रोज आपोआप क्रिएटिनिन होतो आणि किडनी तो लघवीवाटे बाहेर टाकते. साठा वाढला, स्नायू वाढले, की क्रिएटिनिनही वाढतं. गाळणी शाबूत असली तरी आकडा चढतो. एसजीओटीचंही तसंच. त्याला सगळे लिव्हरची तपासणी म्हणून ओळखतात, पण ते स्नायूंतही असतं आणि दणकून व्यायाम केला की रक्तात उतरतं. मग डॉक्टरांनी सिस्टॅटिन सी ही किडनीचीच दुसरी रक्ततपासणी करायला सांगितली, कारण त्याचा स्नायूंशी फारसा संबंध नसतो. ते नॉर्मल आलं. लघवीत प्रोटीन नव्हतं. तीन आठवडे पावडर आणि जड व्यायाम दोन्ही बंद ठेवून पुन्हा तपासलं तर क्रिएटिनिन 1.2. थकव्याचं कारण रात्रीची जागरणं निघालं, तो भाग वेगळा.

तेव्हा ज्याची किडनी ठणठणीत आहे त्याने दिवसाला तीन ते पाच ग्रॅम साधं क्रिएटिन घेतलं तर किडनी जाते, असं इतक्या वर्षांच्या चाचण्यांत दिसलेलं नाही. व्हे प्रोटीन तर चीज करताना उरलेल्या पाण्यातून काढतात, दुधाचाच भाग आहे तो. किडनी आधीच दुबळी असेल त्याची गोष्ट निराळी. त्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रोटीन वाढवू नये, मग ते डब्यातलं असो की ताटातलं.

मला भीती वाटते ती डब्यावर न लिहिलेल्या गोष्टींची.

एका पंचविशीच्या तरुणाचं रक्त काढलं होतं. दंड बाहीत मावत नव्हता. हिमोग्लोबिन 18 म्हणजे जास्त, चांगलं कोलेस्टेरॉल 19 म्हणजे फारच कमी, आणि एलएच, एफएसएच ही मेंदूतून येणारी हार्मोन जवळजवळ शून्य. मेंदूकडून अंडकोषांना जाणारा निरोपच बंद झालेला. बाहेरून स्नायू वाढवणारं हार्मोनसारखं स्टेरॉइड येत राहिलं की असं होतं. वीर्यातले शुक्राणू घटतात आणि पुढे मूल होण्याची पंचाईत होते. तो शपथेवर सांगत होता, "इंजेक्शन कधी घेतलं नाही, फक्त मसलच्या गोळ्या घेतो, डब्यावर सगळं लिहिलेलं आहे." तो खोटं बोलत होता असं मला आजही वाटत नाही. 2000 आणि 2001 मध्ये जर्मनीतल्या कोलोनच्या प्रयोगशाळेने 13 देशांतून 634 सप्लिमेंट विकत घेऊन तपासली. त्यातल्या 94 मध्ये डब्यावर न लिहिलेले हार्मोन निघाले. दर सातात जवळजवळ एक. "नैसर्गिक" या शब्दावरही विसंबू नये. एफेड्रा वनस्पतीच होती, तरी हृदयाच्या त्रासापायी अमेरिकेने 2004 मध्ये सप्लिमेंटमध्ये तिच्यावर बंदी घातली.

आणि डब्यावर ठळक छापलेला प्रोटीनचा आकडा? तो बहुतेक वेळा थेट मोजलेला नसतो. 1883 मध्ये केल्डाल या डॅनिश रसायनशास्त्रज्ञाने काढलेल्या पद्धतीत नायट्रोजन मोजतात आणि त्याला 6.25 ने गुणतात. नायट्रोजन कुठून आला, हे त्या पद्धतीला कळत नाही. ग्लायसीन किंवा टॉरिन अशी नायट्रोजन असलेली स्वस्तातली भुकटी मिसळली तरी आकडा फुगतो. चीनमध्ये 2008 साली दुधात मेलामाइन हे नायट्रोजन असलेलं रसायन घातलं ते हीच पळवाट धरून. सुमारे तीन लाख बाळं आजारी पडली, काही दगावली. अख्ख्या अंड्यात भुकटी मिसळून आकडा फुगवणं इतकं सोपं नाही, म्हणून माझा कल अन्नाकडे.

हिशेबही जमतो. व्यायाम करणाऱ्याला वजनाच्या किलोमागे 1.6 ग्रॅमपर्यंत प्रोटीनचा उपयोग होतो, त्यापुढे स्नायू फारसे वाढत नाहीत, असं 2018 मध्ये 49 चाचण्या एकत्र पाहून निघालं. साठ किलोच्या मुलाला 96 ग्रॅम. तीन अंड्यांचे 18, अर्धा लिटर दुधाचे 16, शंभर ग्रॅम कोरड्या डाळीचे 24, मूठभर शेंगदाण्यांचे 8, शंभर ग्रॅम शिजलेल्या चिकनचे 30. झाले 96. चिकन खात नसेल तर पन्नास-साठ ग्रॅम सोयाबीनच्या वड्या. धान्यातलं तर मी धरलंच नाही. अंड्याचा पिवळा बलकही फेकू नका. 2017 च्या एका प्रयोगात तेवढंच प्रोटीन अख्ख्या अंड्यातून दिल्यावर व्यायामानंतरची स्नायूंची बांधणी नुसत्या पांढऱ्यापेक्षा जास्त झाली होती.

क्रिएटिनबाबत मात्र अन्न पुरं पडत नाही, हेही सांगायला हवं. पाच ग्रॅमसाठी दिवसाला किलोभर मांस खावं लागेल, आणि डाळीत ते नसतंच. म्हणून माझा मुलगा क्रिएटिन अजूनही घेतो, पण बाहेरच्या स्वतंत्र प्रयोगशाळेने बॅच तपासलेलंच. गोळ्या आणि वजन वाढवायच्या गोड पावडरी घरात येत नाहीत.

आमच्या लॅबच्या फॉर्मवर उपाशीपोटी आहात का, शुगर-बीपीच्या गोळ्या चालू आहेत का, एवढंच छापलेलं आहे. मी समासात पेनाने लिहिते, "पावडर? गोळी? इंजेक्शन?" आई शेजारी असली की मुलं मान हलवून "नाही" म्हणतात. तिला पाणी आणायला किंवा पावती करायला पाठवलं, दंडाला पट्टा बांधला आणि पुन्हा विचारलं, की हळूच सांगतात. पुढच्या लेखात आपण हा प्रश्न ठळक छापावा, अशी विनंती आहे. निदान रक्त काढणाऱ्या सगळ्यांपर्यंत तरी तो पोचेल.

आपली नियमित वाचक,
एक लॅब टेक्निशियन