आप्पांच्या चष्म्यासाठी थांबलात, मॅडम

मॅडम, सप्रेम नमस्कार.

फोनवर थँक्यू म्हटलं की तुम्ही "अहो त्यात काय" म्हणून विषय बदलता, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितोय, आता बदला विषय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, आमच्या गावाला एक वाचनालय आहे, जुना ट्रस्ट, पुस्तकं तीनेक हजार, त्यातली निम्मी वाळवीने वाचून संपवलीत. वडील गेले आणि त्यांच्या जागी मला घेतलं. घेतलं म्हणजे काय, मीटिंगमध्ये कुणीतरी म्हणालं आता पोराला घ्या, सगळ्यांनी माना डोलावल्या, हातात नारळ दिला, झालो विश्वस्त! मला वाटलं मानाचं पद आहे, पंधरा ऑगस्टला पुढच्या रांगेत खुर्ची मिळते. बँकेत सही बदलायला गेलो तेव्हा कळलं. त्यांनी शेड्यूल वनचा उतारा मागितला, म्हणजे ट्रस्टचे विश्वस्त कोण याची सरकारी नोंद, काढला तर त्यावर नऊ नावं आणि नवातले सहा देवाघरी. माझ्या आजोबांचं नाव अजून तिथे जिवंत होतं हो. विश्वस्त बदलला की 90 दिवसांत चेंज रिपोर्ट द्यायचा असतो, म्हणजे बदल झाल्याचं धर्मादाय कार्यालयाला लेखी कळवायचं, ट्रस्टच्या कायद्यात कलम 22 आहे, हे आम्हाला कुणी सांगितलं नाही आणि खरं सांगायचं तर आम्हीही कधी कुणाला विचारलं नाही.

मग सुरू झाली आमची वरात. एका सल्लागाराने बारा हजार घेतले आणि चौदा महिने "फाईल टेबलावर आहे, साहेब रजेवर आहेत" एवढंच सांगितलं, शेवटी मीच जाऊन चौकशी केली तर अर्ज दाखलच नव्हता. मधे तालुक्याला विश्वस्तांचं एक प्रशिक्षण शिबिर पण करून आलो. दीपप्रज्वलन आणि सत्काराला दीड तास, मग एका गृहस्थांनी 1950 चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम पडद्यावर लावून कलमागून कलम वाचून दाखवला, आमच्याकडे पाठ करून. प्रश्न विचारायला हात वर केला तर म्हणाले शेवटी घेऊ, आणि शेवटी फोटो झाला. सर्टिफिकेटवर माझं आडनाव चुकलंय. जेवण चांगलं होतं, खोटं कशाला बोलू.

आणि मग ट्रस्टचं कामकाज आम्हाला समजावून द्यायला तुम्ही आलात, एसटीने, गाडी पाठवतो म्हटलं तर नको म्हणालात. ना पडदा ना प्रोजेक्टर. आल्या आल्या दोनच गोष्टी विचारल्यात, पावतीपुस्तक कुठंय आणि कपाटाची किल्ली कुणाकडे. पावतीपुस्तक दोन वर्षांपूर्वी संपलेलं आणि किल्ली सेक्रेटरींच्या सुनेकडे, ती माहेरी गेलेली. आम्ही सगळे खाली बघत होतो. तुम्ही हसलात पण नाही आणि रागावलात पण नाही, म्हणालात चला इथूनच सुरू करू.

पण मला लिहायचंय ते आप्पांबद्दल. आप्पा आमचे सगळ्यात जुने विश्वस्त, वय ऐंशीच्या पुढे, उताऱ्यावरच्या नवातले जे तीन जिवंत त्यातले एक. त्यादिवशी ठरावावर सह्या चालल्या होत्या, प्रोसिडिंग बुक आप्पांपुढे आलं आणि नेहमीप्रमाणे कुणीतरी बोट ठेवलं, "आप्पा, हितं." आप्पांनी पेन उचललं. तुम्ही शांतपणे वही ओढून घेतलीत आणि विचारलंत, आप्पा, काय लिहिलंय यात? आप्पा म्हणाले चष्मा घरी राहिलाय बाई, ही पोरं काय वाईट लिहिणारेत होय. तुम्ही पेनाला टोपण लावलंत आणि म्हणालात, चष्मा आणा, मी थांबते.

आप्पांचं घर मळ्यात. पोरगं मोटरसायकलवर गेलं आणि चष्मा घेऊन येईपर्यंत चाळीस मिनिटं आम्ही सगळे नुसते बसून. तुमची शेवटची एसटी पाच वीसची, ती चुकली, तुम्हाला माहीत होतं चुकणारे. मी म्हटलं मॅडम मी वाचून दाखवतो ना त्यांना, तर तुम्ही म्हणालात, "सही त्यांची आहे, तर डोळे पण त्यांचेच पाहिजेत." मग आप्पांनी बोट फिरवत फिरवत पूर्ण पान वाचलं, आणि मागचं पान उलटलं, आणि त्याच्या मागचं. तिथे त्यांना सापडलं की समोरचा गाळा अध्यक्षांच्या पुतण्याला अकरा वर्षांसाठी दिलाय, महिना चारशे रुपयांनी, आणि खाली आप्पांचीच सही. म्हणाले, "हे मी कधी केलं?"

कुणी काही बोललं नाही. तुम्ही पण कुणाला चोर म्हणाला नाहीत. एवढंच सांगितलंत की ट्रस्टची इमारत तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीने भाड्याने द्यायची तर धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी लागते, शेतजमीन असेल तर दहा वर्षांच्या पुढे, आणि ज्याच्या घरचा माणूस घेणार असेल त्याने त्या विषयाला बाहेर जाऊन बसायचं. भाड्याच्या परवानगीचं हे कलम 36 मी शिबिरात पण ऐकलं होतं हो, पण तेव्हा तो नुसता आकडा होता.

रात्री आमच्याकडे पिठलं भाकरी खाल्लीत, सकाळच्या गाडीने गेलात, प्रवासखर्च दिला तर तिकिटाएवढाच घेतलात आणि व्हाउचरवर सही करून दिलीत. नव्या फाईलमधलं पहिलं व्हाउचर तुमचं आहे. अशी माणसं असतात म्हणून गावोगावच्या या कुबट संस्था अजून उभ्या आहेत असं मला वाटतं, हुशार माणसं खूप बघितली, दुसऱ्याचा चष्मा येईपर्यंत आपली एसटी सोडणारं कुणी बघितलं नव्हतं.

चेंज रिपोर्ट दाखल केलाय, उशीर माफ करायच्या अर्जासकट, पोच माझ्याकडे आहे. आप्पा आता चष्मा दोरीने गळ्यात अडकवून येतात आणि मीटिंग दोन तास चालते, त्याबद्दल काही मंडळी तुमच्यावर नाराज आहेत. पुतण्या तर आमच्याशी बोलतच नाही. गाळ्याचं प्रकरण अजून मिटलं नाही, तेव्हा दिवाळीनंतर याल तेव्हा वाचनालयाच्या मागच्या दाराने या, पुढे त्याचं दुकान आहे. अर्थात तुम्ही पुढूनच येणार, ते मला माहितीये.