उत्क्रांतीला तीन तासिका द्या: शालेय शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. शालेय शिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य

महोदय,

एनसीईआरटीच्या दहावीच्या विज्ञान पुस्तकातून २०२३ मध्ये उत्क्रांती गळाली, आनुवंशिकता तेवढी उरली. बालभारतीच्या दहावीच्या पुस्तकात (भाग २) मात्र ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा पहिलाच धडा आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार पुस्तके बदलताना तो राहावा, हे तर आलेच. पण नुसता राहून भागणार नाही. पेरीपॅटस, बदकचोच (दोन प्राणिगटांना जोडणारे दुवे), अवशेषांगे (निरुपयोगी झालेले अवयव) पाठ करून गुण मिळतात. ‘कोणी घडवल्याशिवाय इतकी गुंतागुंत आली कुठून?’ हा मुलांचा प्रश्न तसाच राहतो. तो वर्गात तपासता येतो. त्यासाठी कागदी भिरभिऱ्यांचा एक प्रयोग पुस्तकात घ्यावा.

साहित्य: ७५ जीएसएमचे ए-४ कागद गटामागे दहा, यू-पिना, फासा, मोबाइलचे स्टॉपवॉच. १४ सेंमी लांब आणि ५ सेंमी रुंद पट्टी घ्यायची. वरून मधोमध ६ सेंमी चिरून दोन पाती उलटसुलट दुमडायची, खालचे शेपूट तिहेरी घडी घालून टोकाला एक यू-पिन लावायची. तीन मीटरवरून सोडले की हे भिरभिरे फिरत खाली येते. ही पहिली पिढी.

पुढे फाशाचे राज्य. पहिल्या दानाने काय बदलायचे ते ठरते: १-२ पडले तर पात्यांची लांबी, ३-४ तर रुंदी, ५-६ तर शेपूट. दुसरे दान सम आले तर ५ मिमी वाढ, विषम आले तर ५ मिमी घट. एका पालकाची अशी चार पिल्ले करायची. ती आणि पालक, पाचही भिरभिरी प्रत्येकी पाच वेळा सोडायची. जे सर्वांत सावकाश उतरेल ते पुढच्या पिढीचे पालक. तीन तासिकांत सहा पिढ्या होतात.

एका गटाने मात्र पालक चिठ्ठी टाकून निवडायचा. हा गट वगळला तर प्रयोगाला अर्थ नाही. बदल त्याच्याकडेही तितकेच होतात, फक्त निवड होत नाही. ‘योगायोगाने डोळा कसा बनेल?’ या आक्षेपाचे उत्तर दोन्ही गटांचे आलेख शेजारी ठेवल्यावर दिसते. नुसत्या योगायोगाने काही साठत नाही, हे आक्षेपकांचे म्हणणे बरोबरच आहे. साठवते ती निवड.

प्रयोग फसतो तो बहुधा मोजमापात. हाताने स्टॉपवॉच दाबताना ०.२ सेकंदांची चूक सहज होते आणि दोन भिरभिऱ्यांतला फरकही साधारण तेवढाच असतो. म्हणून पाचही वेळांच्या नोंदी चढत्या क्रमाने लावून मधली धरायची. एकाच नोंदीवर निवड केली तर ती चिठ्ठीपेक्षा फारशी वेगळी राहत नाही. बदल २ सेंमीचा ठेवला तर बहुतेक पिल्ले बिघडतात, १ मिमीचा ठेवला तर फरक घड्याळात सापडत नाही. पंखा बंद हवा. पावसाळ्यात कागद सादळून पाती लुळी पडतात, तेव्हा दिवाळीनंतरचा काळ बरा. आणि हुशार मुले हमखास डोके लावून ‘सुधारणा’ करतात. ती थांबवणे शिक्षकांचे काम.

सावकाश उतरण्याची अट आपणच घातली, मग घडवणारा आलाच की, असे कोणी म्हणेल. प्रश्न रास्त आहे. सह्याद्रीतल्या माधवीलतेचे तीन पंखांचे फळ असेच फिरत पडते. तिथे अट वारा घालतो. सावकाश पडणारे बी आईच्या सावलीपासून दूर जाते, एवढेच.

हे कागदापुरते नाही. जीवशास्त्रज्ञ रिचर्ड लेन्स्की यांनी १९८८ मध्ये अमेरिकेत ई. कोलाय जीवाणू बारा चंबूंत वाढवायला सुरुवात केली. रोज ०.१ मिलि द्रव ९.९ मिलि ताज्या माध्यमात टाकायचा, दर ५०० पिढ्यांनी नमुना गोठवायचा. सुमारे ३१,५०० पिढ्यांनंतर बारांपैकी एकाच चंबूतले जीवाणू ऑक्सिजन असतानाही माध्यमातल्या सायट्रेट या क्षारावर वाढू लागले, जे ई. कोलायला एरवी जमत नाही. गोठवलेल्या जुन्या पिढ्या पुन्हा वाढवल्या, तेव्हा आधीच्या काही बदलांशिवाय हे जमत नाही असे दिसले. तंत्रज्ञानातले उदाहरण नासाच्या एसटी-५ उपग्रहांचे. ते मार्च २००६ मध्ये उडाले. त्यांच्या अँटेनाची अट अभियंत्यांनी ठरवली होती, पण तारेचे बाक संगणकाने असेच बदल आणि निवड करत काढले. वेड्यावाकड्या पिनेसारखा तो आकार कोणी माणसाने रेखाटला नव्हता.

धड्यात एक खुलासाही हवा. पहिली पेशी कशी झाली हा वेगळा प्रश्न आहे, त्यावर संशोधन चालू आहे आणि भिरभिरे त्याचे उत्तर देत नाही. देव आहे की नाही, याचेही नाही. हे स्पष्ट छापले तर पालकांची निम्मी तक्रार तिथेच मिटेल.

प्रयोगाला प्रात्यक्षिक परीक्षेत गुण ठेवावेत, आणि ते नोंदवही व चिठ्ठी-गटाशी केलेल्या तुलनेला द्यावेत. सर्वांत सावकाश भिरभिऱ्याला गुण दिले, तर मुले फासा बाजूला ठेवतील.

आपले,
माध्यमिक शाळांतील विज्ञान शिक्षक